मालिकेतले साई आणि ओवीतले साई

रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेत संताची व्यक्तिरेखा लिहिणे हे पटकथालेखकाच्या वाट्याला येणारे बहुधा सर्वांत अवघड काम असते, कारण मालिका ज्या गोष्टींवर वर्षानुवर्षे रेटली जाते त्यांपैकी जवळजवळ एकही संताजवळ नसते. त्याला लग्न जुळवायचे नसते, वाटणी मागायची नसते, सूड उगवायचा नसतो, आणि पहिला भाग प्रसारित होण्याआधीच प्रेक्षकाची त्याच्यावर पूर्ण श्रद्धा बसलेली असते. पात्राच्या मनात काहीतरी अपुरे असते, ते भरून काढण्याच्या धडपडीत ते घडते किंवा मोडते, आणि शेवटी सुरुवातीपेक्षा वेगळे होते, या घडणीला पटकथालेखनात व्यक्तिरेखेचा प्रवास म्हणतात. ज्याला कुठे पोचायचेच नाही, जो आधीच पोचलेला आहे, त्याचा प्रवास दाखवायचा कसा, हा प्रश्न शिर्डीच्या साईबाबांवर मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहिला असणार. आणि त्याचे जे उत्तर बहुतेकांनी शोधले, ते अभिनय आणि लेखन या दोन्ही अंगांनी तपासून पाहण्याजोगे आहे.

शिर्डी हे अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहाता तालुक्यातले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे स्थिरावलेला आणि १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, देह ठेवलेला हा फकीर पडद्यावर अनेकदा आला आहे. कुमारसेन समर्थ यांचा ‘शिर्डीचे श्री साईबाबा’ हा मराठी चित्रपट १९५५ सालचा. पण अवघ्या देशाच्या नजरेत जो चेहरा बसला तो १९७७ सालच्या ‘शिर्डी के साई बाबा’ या हिंदी चित्रपटातला, सुधीर दळवी या मराठी नटाचा. हेच दळवी पुढे रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत वसिष्ठ झाले. सागर यांनीच २००५ साली ‘साई बाबा’ ही मालिका आणली आणि त्यात मुकुल नाग यांनी बाबांची भूमिका केली. त्यानंतर सप्टेंबर २०१७ मध्ये सोनी वाहिनीवर ‘मेरे साई’ सुरू झाली, आणि दशमी क्रिएशन्स या मराठी माणसांच्या निर्मितिसंस्थेने ती २०२३ पर्यंत, हजाराहून अधिक भागांपर्यंत नेली. तिच्यात आधी अबीर सूफी आणि २०१९ पासून तुषार दळवी हे साई होते.

या सर्व नटांपुढे एक अडचण सारखीच होती. बाबांचे रूप लोकांना आधीच ठाऊक होते. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर आडवा टाकलेला, डावा हात त्या पायावर विसावलेला, अंगात कफनी, डोक्याला गुंडाळून मागे गाठ मारलेले फडके, ही बैठक छायाचित्रांतून, तसबिरींतून आणि १९५४ साली समाधिमंदिरात बसवलेल्या, बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेल्या संगमरवरी मूर्तीतून घराघरांत पोचलेली आहे. नट जेव्हा ती बैठक घेतो तेव्हा प्रेक्षक हात जोडतो, आणि नटाचे अर्धे काम तेथेच होऊन जाते. उरलेले अर्धे काम मात्र त्यामुळेच अवघड होते. मूर्तीला हालचाल नसते. मूर्तीशी इमान राखायचे म्हटले, की नटही हळूहळू हलणे सोडतो, मान संथपणे वळवतो, पापण्या जड ठेवतो, प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबतो आणि वाक्य संपल्यावर मंद हसतो. सुधीर दळवी यांनी ही शैली जवळजवळ निश्चित केली, आणि त्यांच्यानंतरच्या बहुतेकांनी, जाणते-अजाणतेपणी, साईंची नव्हे तर दळवींच्या साईंची भूमिका केली, असे म्हणणे फारसे अन्यायाचे ठरू नये. दळवींच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की अडीच-तीन तासांच्या चित्रपटात हा संथपणा शोभतो. पाच-सहा वर्षे चालणाऱ्या मालिकेत तोच संथपणा पात्राला गोठवून टाकतो.

‘मेरे साई’मध्ये मध्येच नट बदलला आणि मालिका पुढे चालू राहिली, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. लोकप्रिय मालिकेतला मुख्य नट बदलला, की एरवी प्रेक्षक कुरकुरतात, कित्येक आठवडे नव्याची जुन्याशी तुलना करतात. येथे चाहत्यांनी तुलना केली नसेल असे नाही, आणि तुषार दळवी हे अनुभवी नट आहेत. त्यांच्या आवाजातला घरगुतीपणा अबीर सूफींच्या कोवळ्या सात्त्विकतेहून वेगळा आहे आणि वयाने वाढलेल्या साईंना तो अधिक साजतो. तरीही पात्राच्या लेखनात काही खळबळ झाली असे जाणवत नाही. जी वाक्ये एकाने म्हटली ती दुसऱ्यालाही म्हणता आली. भूमिका नटाच्या स्वभावाकडून काहीच मागत नसेल, तर ती पोशाखासारखी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज चढते.

आता हे साई आणि ओवीतले साई यांची तुलना करावी. गोविंद रघुनाथ दाभोळकर, ज्यांना बाबांनी हेमाडपंत हे नाव दिले, ते १९१० साली शिर्डीला आले आणि त्यांनी पुढे ‘श्री साईसच्चरित’ हा त्रेपन्न अध्यायांचा, नऊ हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ मराठीत लिहिला. भाविक त्याचे पारायण करतात; पटकथेचे शिक्षण घेणाऱ्याने तो पात्ररेखनाचा नमुना म्हणून वाचावा, असे कोणी सुचवल्याचे मात्र ऐकिवात नाही. वास्तविक पहिल्याच अध्यायात जो प्रसंग आहे, तो कोणत्याही कार्यशाळेत शिकवण्याच्या तोडीचा आहे.

बाबा सकाळी मशिदीत जमिनीवर गोणपाट अंथरतात, त्यावर जाते मांडतात, कफनीच्या अस्तन्या सरसावतात, खुंटा ठोकून घट्ट करतात आणि गहू दळायला बसतात. पाहणाऱ्यांना काही कळत नाही. ज्याला ना घर ना संसार, जो भिक्षेवर जगतो, त्याला पीठ कशाला हवे? विचारण्याची कोणाची छाती होत नाही. तेवढ्यात गावातल्या चार बायका गर्दीतून पुढे घुसतात, बाबांच्या हातातून खुंटा ओढून घेतात आणि गाणी म्हणत दळू लागतात. बाबा आधी रागावतात, मग त्यांचे प्रेम पाहून हसतात आणि बाजूला होतात. दळता दळता बायकांचा हिशेब चालू असतो: बाबांना भाकऱ्या थापायच्या नाहीत, तेव्हा हे पीठ ते आपल्यालाच देणार. दळण संपते, पिठाचे चार वाटे पडतात, एकेक वाटा उचलायला हात पुढे होतात, आणि तोवर अवाक्षर न काढलेले बाबा एकदम भडकतात. बापाचा माल आहे काय, अशा अर्थाचे खरमरीत शब्द त्या बायकांना ऐकावे लागतात, आणि मग हुकूम होतो, की हे पीठ गावाच्या शिवेवर, ओढ्याकाठी नेऊन टाका. हेमाडपंतांना उलगडा गावकऱ्यांकडून होतो: गावात महामारी, म्हणजे पटकी, पसरली होती आणि तिच्यावरचा हा उतारा होता.

या प्रसंगाची बांधणी पाहण्यासारखी आहे. मुख्य पात्र आपल्या कृतीचे कारण शेवटपर्यंत सांगत नाही. भोवतीची माणसे त्या कृतीचा अर्थ आपापल्या हावेप्रमाणे लावतात, त्यात थोडा विनोद होतो, आणि राग अशा क्षणी येतो की तो अन्यायाचा वाटावा. कारण बायकांनी कष्ट तर खरेच केलेले असतात. पात्र जे बोलते त्याच्या तळाशी न बोललेले जे काही वाहत असते, त्याला नाट्यपरिभाषेत उपपाठ म्हणतात, आणि येथे सबंध प्रसंग उपपाठावर उभा आहे. रोजच्या मालिकेत नेमकी उलटी रीत असते. तेथे कृतीआधीच कारण सांगितले जाते, कृती होत असताना पार्श्वसंगीत ते पुन्हा सांगते, आणि कृती झाल्यावर साई स्वतः शांत स्वरात त्याचा बोध करतात. प्रेक्षक हाताने कामे करीत, कानाने मालिका ऐकत असतो, त्यामुळे सर्व काही तीनदा सांगावे लागते, असे मालिकांच्या व्यवसायात मानले जाते, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. पण या रीतीमुळे पात्राचे गूढ पहिले बळी जाते.

दुसरा प्रसंग शामा म्हणजे माधवराव देशपांडे यांचा. मशिदीला लागून असलेल्या शाळेतले हे शिक्षक बाबांचे अगदी जवळचे. त्यांना करंगळीला साप चावतो. सोबतचे लोक त्यांना बिरोबाच्या देवळात न्यायला निघतात, पण माधवराव मशिदीकडे धाव घेतात, आणि ते पायरी चढणार तोच आतून बाबा शिव्यांची लाखोली वाहत ओरडतात, की वर चढशील तर खबरदार, हो चालता. माधवरावांच्या पायातले बळ जाते. ज्याच्या आधारावर आलो त्यानेच हाकलले, आता मरणच, असे म्हणून ते खचून बसतात. काही वेळाने बाबा शांत होतात, त्यांना जवळ बोलावतात, भिऊ नको म्हणतात, घरी पाठवतात आणि मागून निरोप धाडतात की त्याला झोपू देऊ नका. मग कळते, की तो हुकूम माधवरावांना नव्हताच. तो अंगात चढणाऱ्या विषाला होता. चमत्कारावर विश्वास असो वा नसो, नटाला यात जे मिळते ते अपूर्व आहे. त्याने ओरडताना नजर कोठे ठेवायची? माणसाकडे पाहिले तर रहस्य टिकते पण अर्थ हुकतो. करंगळीकडे पाहिले तर अर्थ आधीच फुटतो. असा पेच सतत मंद हसणाऱ्या नटापुढे कधीच उभा राहत नाही.

ग्रंथातले बाबा चिलीम ओढतात, दगड घेऊन मारायला धावतात, हंडीत स्वतः रांधतात, दक्षिणा मागतात, थट्टा करतात आणि कोड्यात बोलतात. त्यांच्या तरुणपणाची जी हकीकत पाचव्या अध्यायाच्या आसपास येते ती तर मालिकेसाठीच जपून ठेवल्यासारखी आहे. राहात्याहून झेंडू आणि जाई-जुईची रोपे आणून त्यांनी बाग केली; वामन तात्या नावाचा भक्त त्यांना रोज दोन कच्चे घडे पुरवी, त्या घड्यांनी बाबा झाडांना पाणी घालत, आणि संध्याकाळी निंबाखाली ठेवलेले ते घडे फुटून जात. त्या काळात त्यांचा पेहराव पैलवानासारखा होता. पुढे मोहिद्दीन तांबोळी नावाच्या माणसाशी काही बिनसले, कुस्ती झाली, बाबा हरले, आणि तेव्हापासून त्यांनी कफनी घातली, डोक्याला फडके बांधले आणि बसायला गोणपाट घेतले. ज्या पोशाखावर आज सगळी ओळख उभी आहे, तो या कथेनुसार एका पराभवातून आलेला आहे. प्रवास नसलेले पात्र म्हणून ज्याचा बाऊ केला जातो, त्याच्या चरित्रात असे वळण हाताशी असताना लेखकाने आणखी काय मागावे?

लेखकांनी मागितला तो खलनायक. मुख्य पात्र गोठले, की नाट्य कुठून तरी आणावेच लागते, आणि ‘मेरे साई’ने ते गावच्या कुलकर्णी सरकारकडून आणले. सच्चरितात वर्षानुवर्षे बाबांच्या मागे लागलेला असा एक दुष्ट माणूस नाही. तेथे दिव्यांना तेल नाकारणारे वाणी आहेत, कुचेष्टा करणारे आहेत, परीक्षा पाहायला आलेले शहाणे आहेत. पण ते प्रसंगापुरते येतात आणि बहुतेक विरघळून जातात. मालिकेत काही आठवडे चालणाऱ्या उपकथेला ट्रॅक म्हणतात, आणि प्रत्येक ट्रॅकमध्ये कोणीतरी पीडित यावा, कुलकर्ण्याने डाव टाकावा, साईंनी तो उलटवावा, हा साचा पक्का झाला. हा साचा टिकला तो वैभव मांगले यांच्यामुळे. ‘टाइमपास’मधला कडक बाप ज्यांना आठवतो त्यांना मांगले यांची खासियत ठाऊक असते: चिडलेल्या, अहंकारी माणसाच्या आत एक केविलवाणा, भेदरलेला माणूस ते सतत जागा ठेवतात. त्यांचा कुलकर्णी म्हणूनच पहिल्यांदा पाहताना गमतीचा आणि खराही वाटतो. पण दर महिन्याला तोच माणूस त्याच रीतीने हरत राहिला, की त्याची भीती संपते. आणि ज्याची भीती वाटत नाही अशा शत्रूला जिंकणारा साई आपोआप लहान होतो.

खलपात्र कमी वापरून मोठे कसे करावे, याचा धडा खुद्द नगरकडेच आहे. सदाशिव अमरापूरकर १९५० साली अहमदनगरमध्ये जन्मले आणि तेथल्याच हौशी रंगभूमीवर वाढले. गोविंद निहलानी यांच्या १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’मध्ये, विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या पटकथेत, त्यांच्या रामा शेट्टीला पडद्यावरचा वेळ फार थोडा आहे. तो आरडाओरडा करीत नाही, डाव समजावून सांगत बसत नाही, समोरच्या फौजदाराशी जवळजवळ घरच्यासारखे बोलतो. आणि तो दिसत नसतानाही चित्रपटभर त्याचा दाब जाणवत राहतो. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. अर्थात आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे असतील तर तेंडुलकरांची काटकसर परवडत नाही, हे मान्य करावे लागते. मालिकेचा लेखक सकाळी लिहितो ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चित्रित होते, वाहिनीचे लोक दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीकडे, म्हणजे प्रेक्षकसंख्येच्या अंदाजी आकड्यांकडे, डोळे लावून बसलेले असतात, आणि त्या घाईत कुलकर्णी हा हुकमी पत्ता सारखा खेळला जातो.

यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो, की भाविकांना रागीट, चिलीम ओढणारे, हरणारे साई चालणार नाहीत. हा प्रतिवाद मराठी प्रेक्षकाला ओळखत नाही. झी मराठीवर २०१४ ते २०१७ या काळात चाललेल्या ‘जय मल्हार’ने देवालाच संसारात उभे केले. देवदत्त नागे यांचा खंडोबा म्हाळसा आणि बानू यांच्यात सापडून कानकोंडा होतो, खोटे बोलतो, बायकोची मनधरणी करतो, आणि तरीही लोक टीव्हीसमोर ‘येळकोट येळकोट’ म्हणत होते. हे धाडस निर्मात्यांनी हवेतून आणलेले नव्हते. जागरणात वाघ्या-मुरळी शतकानुशतके देवाची अशीच टिंगल करीत आले आहेत. शिर्डीत बाबांचे स्वागत ज्यांनी ‘साई’ या हाकेने केले असे सांगतात, ते म्हाळसापती स्वतः खंडोबाचे पुजारी होते. म्हणजे माणसासारख्या देवाशी आणि देवासारख्या माणसाशी भांडत-हसत नाते ठेवण्याची रीत त्या गावात बाबा येण्याआधीपासून होती. पारायण करणारा भाविक दर सप्ताहाला बाबांच्या शिव्या वाचतो आणि त्याची श्रद्धा ढळत नाही. ती मालिकेने ढळेल ही भीती वाहिनीच्या कचेरीतली आहे.

या मालिकांत जेथे लेखन सैल सुटते आणि नट श्वास घेतात, त्या जागाही सांगितल्या पाहिजेत. बायजाबाई कोते पाटील यांच्याबरोबरचे प्रसंग बहुतेक आवृत्त्यांत चांगले उतरतात. डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन रानात फकिराला शोधत फिरणारी ही बाई, आणि तिच्या हातून मुकाट जेवणारा साई, यांत बोध करायला जागाच नसते, त्यामुळे नट दोन घास खातो आणि तेवढ्यात आई-मुलाचे नाते उभे राहते. याच घरातला तात्या, म्हाळसापती आणि बाबा मशिदीत तीन दिशांना डोकी आणि मध्ये पायाला पाय लावून झोपत, रात्रभर गप्पा मारीत, एकाला डुलकी लागली की दुसरा त्याला जागे करी, असे हेमाडपंत सांगतात. येथे चमत्कार नाही, खलनायक नाही, आणि तरी अर्ध्या तासाचा भाग सहज उभा राहील.

भाषेचे नुकसान मात्र भरून येण्यासारखे नाही. ग्रंथातल्या बाबांच्या तोंडी गावरान मराठी आणि फकिरी हिंदुस्थानी यांची मिसळ आहे, आणि ती कोणाशी बोलायचे आहे त्यावर बदलते. हिंदी वाहिनीवर गेलेली शिर्डी एकसारखी स्वच्छ हिंदी बोलते. फेट्याचा शेतकरी, शाळेचा मास्तर, तेली आणि कुलकर्णी सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे वाटतात. मराठी नटांनी भरलेल्या संचात हे अधिकच खटकते, कारण त्यांच्या जिभेवर ती बोली असते आणि तिला वाव नसतो. पात्ररेखनात बोली ही केवळ रंगत नसते. माणूस कोणाला ‘अरे’ म्हणतो आणि कोणाला ‘भाऊ’, कोणावर खेकसतो आणि कोणाशी हळू बोलतो, त्यातून त्याची गावातली जागा ठरते.

कोणाला साईंवर नवी मालिका मराठीत करायची झाली, तर पहिला ट्रॅक जव्हार अलीचा घ्यावा. अहमदनगरहून राहात्यास आलेला हा विद्वान, गोड बोलणारा फकीर तेथे ईदगाह बांधू लागतो, त्यावरून तंटा होतो, आणि तो शिर्डीत येऊन बाबांसोबत मशिदीत राहतो. गावाला आपल्या वाणीने भारून टाकतो आणि बाबा आपले चेले आहेत असे सांगू लागतो. बाबा ते मान्य करतात, त्याच्यामागून राहात्यास जातात आणि तेथे त्याची सगळी पडेल ती कामे करतात. शिर्डीची माणसे त्यांना परत आणायला जातात, तेव्हा बाबाच त्यांना घाबरून सांगतात, की गुरू तापट आहे, तो यायच्या आत निघून जा. शेवटी तडजोड होऊन दोघेही शिर्डीला परततात, आणि देवीदास नावाचा बैरागी वादात जव्हार अलीला निरुत्तर करतो; तो गाव सोडून निघून जातो आणि कित्येक वर्षांनी येऊन बाबांच्या पाया पडतो. यात कुलकर्ण्याची गरज नाही. गुरू खोटा आणि चेला खरा, हे सगळ्या गावाला दिसते आहे, चेल्याला तर सर्वांआधी, आणि तरीही तो पाणी भरतो आहे. तो असे का करतो हे लेखकाने कोणाच्याही तोंडून सांगू नये आणि नटाने ते स्वतःशी मात्र पक्के ठरवून कॅमेऱ्यासमोर यावे.